आपण का थांबत नाही?
दयाळू शोमरोन्याचा दाखला आणि मानसशास्त्र : एक अभ्यासलेख



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण तो ऐकला, स्नेहसंमेलनात नाटुकल्याच्या रूपाने सादर केला आणि पुढे आपल्या मुलांनाही सांगितला. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस लुटारूंच्या हाती सापडतो. याजक येतो, त्याला पाहतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवीही तसेच करतो. ज्याच्याकडून कुणीच अपेक्षा केली नसती असा एक शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि त्याच्या खर्चासाठी दोन दिनार देतो. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी होती.

हा दाखला ऐकताना आपण मनातल्या मनात कुणाच्या बाजूला उभे असतो? बहुधा शोमरोन्याच्या. याजक आणि लेवी कठोर काळजाचे होते, ढोंगी होते, असे ठरवून आपण मोकळे होतो. परंतु ते दोघे का थांबले नाहीत याचे कारण लूककृत शुभवर्तमानात दिलेले नाही. ते कारण आपणच आपल्या मनाने भरत आलो आहोत. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी गेल्या साठेक वर्षांत नेमका हाच प्रश्न हाती घेतला आहे : चांगली माणसे संकटातल्या माणसापाशी का थांबत नाहीत? त्यांना जे आढळले ते आपण या लेखात समजून घेणार आहोत, कारण तो प्रश्न आपल्या रोजच्या जीवनाशी जोडलेला आहे.

सेमिनरीच्या गल्लीतला प्रयोग

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन नावाचे गाव आहे. तेथे पाळकीय सेवेचे शिक्षण देणारी एक जुनी प्रॉटेस्टंट सेमिनरी आहे. डिसेंबर १९७० मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघा अभ्यासकांनी तेथील विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. १९७३ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यातील बॅटसन यांनी स्वतः धर्मशास्त्राचेही शिक्षण घेतले होते.

प्रयोग असा होता. प्रत्येक विद्यार्थ्याला सांगण्यात आले की, शेजारच्या इमारतीत जाऊन तुला एक छोटे भाषण द्यायचे आहे. काहींना विषय दिला होता, सेमिनरीतून बाहेर पडल्यावर कोणत्या नोकऱ्या मिळू शकतात. उरलेल्यांना विषय दिला होता, दयाळू शोमरोन्याचा दाखला! मग आणखी एक फरक करण्यात आला. काहींना सांगितले, "अजून वेळ आहे, पण निघालात तरी चालेल." काहींना सांगितले, "ते तयार आहेत, आता निघा." आणि काहींना सांगितले, "तुम्हांला उशीर झाला आहे, ते तुमची केव्हाची वाट पाहत आहेत."

दोन्ही इमारतींच्या मधल्या गल्लीत, एका दाराशी एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून कोसळल्यासारखा बसला होता. विद्यार्थी जवळून जाऊ लागला की तो दोनदा खोकत असे आणि कण्हत असे. तो अभ्यासकांनीच बसवलेला माणूस होता. अर्थात, विद्यार्थ्यांना त्याची कल्पना नव्हती.

एकूण ४० विद्यार्थी त्या गल्लीतून गेले. त्यांपैकी १६ जणांनी काही ना काही मदत देऊ केली, २४ जण पुढे निघून गेले. ज्यांच्याकडे भरपूर वेळ होता अशा ८ जणांपैकी ५ थांबले. ज्यांना मध्यम घाई होती अशा २२ पैकी १० थांबले. आणि ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते अशा १० पैकी फक्त एक जण थांबला. काही प्रसंगी तर शोमरोन्याच्या दाखल्यावर भाषण द्यायला निघालेला विद्यार्थी घाईघाईत त्या माणसाला ओलांडून पुढे गेला.

भाषणाच्या विषयाने काही फरक पडला का? शोमरोन्याचा विषय मिळालेल्या १९ पैकी १० जणांनी मदत केली, नोकऱ्यांचा विषय मिळालेल्या २१ पैकी ६ जणांनी केली. थोडा फरक दिसतो, पण एवढ्या थोड्या लोकांमध्ये तो योगायोगानेही पडू शकतो, म्हणून अभ्यासकांनी त्यावर भर दिला नाही. विद्यार्थ्यांची धार्मिकता कोणत्या प्रकारची आहे हेही प्रश्नावलीतून आधी तपासले होते. त्यावरूनही कोण थांबेल हे सांगता आले नाही. स्पष्ट फरक पडला तो एकाच गोष्टीने, घाईने.

कठोर काळीज की गोंधळलेले मन?

यावरून ते भावी पाळक ढोंगी होते असा निष्कर्ष काढायचा का? अभ्यासकांनी तसा काढला नाही. त्यांना आढळले की न थांबलेले अनेक जण भाषणाच्या ठिकाणी पोहोचले तेव्हा अस्वस्थ आणि बेचैन होते. त्यांच्या मनात ओढाताण चालली होती. एकीकडे त्या माणसाची गरज आणि दुसरीकडे आपली वाट पाहणाऱ्या लोकांना दिलेला शब्द. उशीर करणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. म्हणजे तेही एक कर्तव्यच पार पाडत होते!

दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. घाईत माणसाची नजर अरुंद होते. तो माणूस डोळ्यांना दिसतो, पण "याला मदतीची गरज आहे आणि मला काही ठरवायचे आहे" हा विचार मनात उमटतच नाही, किंवा उमटतो तेव्हा आपण बरेच पुढे आलेलो असतो.

आपल्याला हे अपरिचित नाही. सकाळची लोकल पकडायची असते, मुलांना शाळेत सोडायचे असते, दुकान उघडायचे असते. मिस्साला उशीर होऊ नये म्हणून आपण झपाझप चालत असतो आणि वाटेत ओट्यावर एकटी बसलेली म्हातारी काही सांगू पाहते. आपण हात हलवून "येते गं मावशी, नंतर बोलू" म्हणतो. ते नंतर बहुधा येत नाही. आपण दुष्ट नसतो, आपण घाईत असतो.

जेथे गर्दी, तेथे जबाबदारी कुणाची?

घाईखेरीज आणखी एक गोष्ट आपले पाय धरून ठेवते, ती म्हणजे इतर माणसांची उपस्थिती. याच्या अभ्यासाला एका दुःखद घटनेतून सुरुवात झाली. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्क शहरात किटी जेनोव्हीज नावाच्या २८ वर्षांच्या तरुणीचा तिच्या घराजवळ सुरीने भोसकून खून झाला. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की, ३८ शेजाऱ्यांनी हा प्रकार पाहिला आणि त्या वेळात एकानेही पोलिसांना फोन केला नाही. सारा देश हळहळला. शहरातल्या माणसांची मने मेली, असे जो तो म्हणू लागला.

जॉन डार्ली आणि त्यांचे सहकारी बिब लाताने यांना मात्र वेगळी शंका आली. माणसे पुष्कळ असूनही कुणी धावले नाही, की माणसे पुष्कळ होती म्हणूनच कुणी धावले नाही? १९६८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावले होते. बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज येऊ लागला. हा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के जण फिट संपण्यापूर्वीच मदत मागायला उठले. आणखी एक जण ऐकत आहे असे वाटणाऱ्यांपैकी ६२ टक्के उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी केवळ ३१ टक्के!

जे उठले नाहीत ते थंडपणे बसले होते का? नाही. प्रयोगकर्ता खोलीत आला तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. "तो बरा आहे ना? त्याच्याकडे कुणी पाहते आहे ना?" असे ते विचारत होते. त्यांना काळजी होती, पण ती काळजी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा खुर्चीतून उठवण्याइतका मोठा राहिला नाही.

दुसऱ्या एका प्रयोगात खोलीत भिंतीतून धूर येऊ लागला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी जाऊन सांगितले. पण खोलीत आणखी दोघे काही न घडल्यासारखे बसून राहिले (ते प्रयोगकर्त्यांचेच लोक होते), तेव्हा फक्त १० टक्के लोकांनी सांगितले. आपण एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहतो. दुसऱ्याचा चेहरा शांत दिसला की "काही विशेष नसेल" असे समजतो. दुसराही आपल्या चेहऱ्याकडे पाहून तेच समजत असतो.

चित्राची दुसरी बाजू

सत्यासाठी येथे एक दुरुस्ती सांगितली पाहिजे. किटी जेनोव्हीजच्या बातमीत अतिशयोक्ती होती, हे पुढे उघड झाले. ३८ जणांनी सर्व प्रकार डोळ्यांनी पाहिला असे घडले नव्हते. बहुतेकांनी फक्त आरडाओरड ऐकली होती. एक शेजारीण तर धोका न जुमानता जिन्यात धावून गेली आणि तिने जखमी किटीला आपल्या कुशीत धरले होते. २०१६ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही आपल्या जुन्या बातमीतील चुका मान्य केल्या. त्या एका शेजारणीची आठवण मात्र जगाला अर्धशतक झाली नाही.

आणखी एक आनंदाची गोष्ट. २०१९ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने इंग्लंडमधील लँकेस्टर, नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण तपासले. भांडणाचे व मारामारीचे २१९ प्रसंग त्यांनी पाहिले. दहांपैकी नऊ प्रसंगांत उपस्थितांपैकी किमान एक जण मध्ये पडला होता. माणसे जितकी जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती.

हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडून काढत नाहीत. गर्दीत प्रत्येकाची पावले थोडी जड होतात हे खरे, आणि भांडण सर्वांच्या डोळ्यांदेखत उघड उघड चाललेले असले तर कुणी ना कुणी धावतो हेही खरे. देवाने माणसाच्या हृदयात दया ठेवलेली आहे. प्रश्न तिला वाट मोकळी करून देण्याचा आहे.

मदतीच्या पाच पायऱ्या

लाताने आणि डार्ली यांनी सांगितले की मदत करणारा माणूस पाच पायऱ्या चढतो. कोणत्याही पायरीवर तो अडकू शकतो.

१. लक्ष जाणे. घाईत, विचारांत किंवा मोबाइलमध्ये बुडालेल्या माणसाचे लक्षच जात नाही.

२. हे संकट आहे हे ओळखणे. "दारू पिऊन पडला असेल", "नवरा-बायकोचे घरगुती भांडण असेल", असे म्हणून आपण येथे अडकतो. रस्त्यात पडलेला मधुमेही माणूस साखर उतरल्यामुळेही झिंगल्यासारखा दिसू शकतो, हे आपण विसरतो.

३. ही जबाबदारी माझी आहे असे मानणे. "इतके लोक आहेत, कुणीतरी करील", ही तिसऱ्या पायरीवरची अडचण.

४. काय करावे हे माहीत असणे. इच्छा असते, पण फोन कुठे लावायचा, जखमीला हलवायचे की नाही, हे ठाऊक नसते.

५. प्रत्यक्ष कृती करणे. येथे भीती आडवी येते : लोक हसतील, पोलिसांचा ससेमिरा लागेल, कोर्टाच्या फेऱ्या होतील.

शोमरोनी या पाचही पायऱ्या चढला. त्याने पाहिले, त्याला कळवळा आला, त्याने तो माणूस आपला मानला, जे जवळ होते ते वापरले आणि कृती केली. येथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. तोही प्रवासालाच निघालेला होता, त्यालाही काम होते. दुसऱ्या दिवशी त्याने जखमीला उतारशाळेच्या मालकाच्या हाती सोपवले, परतताना उरलेला खर्च भागवण्याचे वचन दिले आणि तो आपल्या वाटेला लागला. सगळे ओझे एकट्याने वाहणे म्हणजे मदत, असे नाही. मदत सुरू करणे आणि ती योग्य हाती पोहोचवणे हीदेखील पुरी मदत आहे.

भीती आणि आपला कायदा

पाचव्या पायरीवरची भीती आपल्या देशात अगदी खरी होती. अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्यालाच तासन् तास बसवून ठेवल्याच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. आता परिस्थिती बदलली आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. नंतर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. गंमत म्हणजे त्यात अशा मदतकर्त्याला इंग्रजीत 'गुड समॅरिटन' हेच नाव आहे. प्रभूच्या दाखल्यातला शोमरोनी भारताच्या कायद्यात येऊन बसला आहे!

या तरतुदींनुसार, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करताना त्याला काही झाले तर मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे तो स्वतः ठरवतो. रुग्णालयाने त्याला अडवून ठेवायचे नाही वा त्याच्याकडे उपचाराचे पैसे मागायचे नाहीत. ही माहिती आपल्या घरातील तरुणांना, विशेषतः महामार्गावरून दुचाकीने ये-जा करणाऱ्यांना, अवश्य सांगावी. अपघातानंतरचा पहिला तास प्राण वाचवण्यासाठी मोलाचा असतो.

मग दोष परिस्थितीचाच का?

कुणी म्हणेल, "घाई आणि गर्दी माणसाला अडवतात, तर मग न थांबण्यात पाप ते कसले?" हा प्रश्न योग्य आहे. मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो, तेव्हा केलेल्या वाइटाबरोबर न केलेल्या चांगल्याचीही कबुली देतो. ख्रिस्तसभेने आपल्याला नेहमीच शिकवले आहे की, पाप टाळायचे असेल तर पापाचे निमित्तही टाळावे. दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्याला आपण गुत्त्यावरून जाणारी वाट टाळायला सांगतो, कारण केवळ निश्चयाच्या बळावर माणूस टिकत नाही हे आपल्याला ठाऊक असते. घाई हेही तसेच एक निमित्त आहे. ते ओळखले नव्हते तोवर गोष्ट वेगळी होती. ओळखल्यानंतर आपली जबाबदारी वाढते.

आणि ओळखण्याचा उपयोग होतो. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना गर्दीच्या या परिणामाविषयी शिकवण्यात आले. दोन आठवड्यांनी वेगळ्याच ठिकाणी त्यांना मदतीची गरज असलेला माणूस दिसेल अशी योजना केली. ज्यांनी हा पाठ ऐकला नव्हता त्यांपैकी २५ टक्के थांबले, ज्यांनी ऐकला होता त्यांपैकी सुमारे ४३ टक्के थांबले. एका पाठाने एवढा फरक पडतो. हा लेख आम्ही लिहिला तो याच आशेने.

आपण काय करू शकतो?

१. घरातून दहा मिनिटे आधी निघावे. ही साधी सवय वाटते, पण थांबण्याची मोकळीक तीच देते.

२. गर्दीत संकट दिसले तर "कुणीतरी बघेल" हे शब्द मनात येताच सावध व्हावे. हेच शब्द इतर सर्वांच्याही मनात आलेले असतात.

३. मदत मागताना सर्वांना उद्देशून ओरडण्याऐवजी एकाकडे बोट दाखवून सांगावे : "निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. ताई, तुम्ही यांच्याजवळ बसा." नेमके काम मिळाले की बहुतेक माणसे ते करतात.

४. १०८ (रुग्णवाहिका), ११२ (पोलीस व इतर तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांसाठी) हे क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावेत. प्रथमोपचाराचे शिक्षण मिळत असेल तेथे किमान एकाने जावे.

५. सगळी संकटे रस्त्यावर घडत नाहीत. शेजारच्या घरातून रोज रात्री मारहाणीचा आवाज येतो, आळीतला एखादा तरुण अचानक बोलेनासा होतो, दर रविवारी मागच्या बाकावर बसणारे आजोबा दोन रविवार दिसत नाहीत. सगळ्या आळीला हे ठाऊक असते आणि सगळी आळी समजते की कुणीतरी चौकशी केली असेल. अशा वेळी आपण पहिले व्हावे. दार वाजवावे, "आजोबा, बरे आहात ना?" एवढे तरी विचारावे. आपल्याच्याने होणार नाही असे वाटले, तर समूहप्रमुखांना किंवा फादरांना सांगावे.

समूहाच्या सभेत चिंतनासाठी

१. पाच पायऱ्यांपैकी आपण बहुधा कोणत्या पायरीवर अडकतो?

२. आपल्या समूहात असे कोण आहे, ज्याच्याविषयी "कुणीतरी बघत असेल" असे आपण सर्वच समजत आहोत? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल? कृपया सभेतच नाव ठरवावे.